मगरे सरांचं हिरवं तेल

मगरे सर आधी वास घेत आणि मग नमस्कार करीत. परतूरच्या शाळेत मी मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी भाड्याच्या खोलीत वळकटी सोडत होतो. तेवढ्यात दारात एक उंच, काटकुळा माणूस येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, खिशाला निळे डाग. त्याने नाक जरा वर केलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "तुमच्या डब्यात शंकरपाळे हायत. अन् आठ-दहा दिवसांपूर्वीचे हायत. नमस्कार. मी मगरे, विज्ञान."

शंकरपाळे माझ्या आईच्या हातचे होते. मला असा राग आला की काही विचारू नका. अनोळखी गावात पहिल्याच दिवशी कुणीतरी आईच्या शंकरपाळ्यांची पंचाईत करतो म्हणजे काय? पण डबा उघडून मी त्यांच्यापुढे धरला आणि स्वतः एक तोंडात टाकला तेव्हा कळलं, की शंकरपाळे खरोखरच उतरले होते. मगरे सरांनी मात्र चार खाल्ले. "आईनं केलेले हायत ना," म्हणाले, "मंग खायाचे. फक्त अजून ठिऊ नका." त्या दिवसापासून ते मला 'भाषावाले' म्हणू लागले. पुढची चार वर्षं मी त्यांच्या शेजारी राहिलो. माझं खरं नाव त्यांच्या तोंडून मी दोनदाच ऐकलं असेल.

त्यांचं सगळं चरित्र मला ठाऊक नाही, आणि ते स्वतःविषयी फारसं बोलायचेही नाहीत. परतूर तालुक्यातल्याच एका खेड्यातले. छप्पन साली घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा हे शाळेत होते. त्यांच्या वडिलांनी त्या वेळी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं होतं म्हणे, की आता आधी विचारायचं आणि मग मानायचं. घरातल्या बाकीच्यांनी ते किती मनावर घेतलं कोण जाणे, मगरे सरांनी मात्र त्याचा व्यवसाय केला.

त्यांचं एक पालुपद होतं. "थांबा, अजून कळलं न्हाई." हेडमास्तरांनी विचारावं, "मगरे, यंदा दहावीचा निकाल कसा?" की हे म्हणणार, "अजून कळलं न्हाई." चहा कसा झालाय, पाऊस पडेल का, नवे शिक्षणाधिकारी बरे आहेत का, सगळ्याला एकच उत्तर. एकदा त्यांच्या घरी जेवताना वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, लग्नाला बारा वर्सं झाली. भाजी कशी झाली इचारलं की आजून ह्येच म्हणतेत." त्यावर मगरे सर शांतपणे दुसऱ्यांदा भाजी वाढून घेत म्हणाले, "म्हून तर पुन्हा घिऊन राह्यलो."

या नाकापायी त्यांनी माणसंही दुखावली. बाजारपेठेतल्या एका आडत्याकडे मुलीचं लग्न होतं, शाळेतले आम्ही सगळे पंगतीला. ताटात शेव आली. मगरे सरांनी चिमूट नाकाशी नेली आणि ताटाच्या कडेला परत ठेवली. यजमान नेमके समोरच उभे. "का हो सर, आमची शेव चालत नाही का?" त्या प्रश्नाला धार होती. मगरे सरांना ती कळली की नाही, मला आजही सांगता येत नाही. ते अगदी मनापासून म्हणाले, "शेव झकास झालीय. पण तळून झाल्यावर ती परातीत घालून उन्हात ठिवली व्हती ना? दोन दिवस तरी?" यजमान चमकले. आचाऱ्याला बोलावलं. कढई लावायला जागा कमी म्हणून शेव आधी तळून गच्चीवर, पातळ फडक्याखाली पसरून ठेवली होती, हे निघालं. यजमान हसले, पण त्या घरातून मगरे सरांना पुन्हा बोलावणं आलं नाही. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. पंधरा दिवस ते वर्गात शेवेचंच उदाहरण देत होते.

त्यांचा वर्ग हा एक बघण्यासारखा प्रकार होता. मला मोकळा तास असला की मी प्रयोगशाळेच्या मागच्या बाकावर जाऊन बसत असे. करडईचं तेल हा त्यांचा जीव की प्राण. आमच्याकडे तेव्हा घरोघर करडईचंच तेल. भाकरीवर चटणी, चटणीत खळगा आणि त्यात कच्च्या तेलाची धार, की झालं जेवण. मगरे सर तीन बशांमध्ये तेल घेत. एक खिडकीत उन्हात, एक कपाटात अंधारात, एक स्टोव्हच्या शेजारी धगीला. रोज तास सुरू झाला की मुलांनी रांगेने वास घ्यायचा.

"उन्हातलं काय करून राह्यलंय?"

"खवट होऊन राह्यलंय सर!"

"कामून?"

 मग सर फळ्यावर एक लांब साखळी काढत आणि साखळीला मध्येमध्ये मोकळे हात. "तुपाच्या साखळीला मोकळे हात कमी. म्हून तूप दमानं टिकतं. करडईचं तेल कोवळं, त्याला मोकळे हात लई. हवा येती अन् हात धरती. उन्हानं अन् आचेनं ह्ये काम जल्दी होतं. एकानं हात दिला की शेजारच्याला वढतो, मंग सगळी रांगच जाती." मुलं हसत. सर बाटलीत तेल घेऊन त्यात ॲसेटिक आम्ल, पोटॅशियम आयोडाइडची चिमूट आणि तांदळाची पेज घालून हलवत. चांगल्या तेलाला काही होत नसे. बिघडू लागलेल्या तेलाखाली पेज निळी होई. जितकी निळाई जास्त, तितकं तेल बिघडलेलं. नाकाला कळायच्या चार दिवस आधी हा रंग सांगतो, असं ते म्हणत. त्यांच्या खिशावरचे डाग याच निळाईचे.

शाळेला लागून मुलांचं वसतिगृह होतं. तिथला स्वयंपाक गयाबाई करीत. धनगराच्या घरच्या, माहेरी मेंढरं. नवरा गेल्यापासून त्या अकरा वर्षं या चुलीपुढे होत्या. ठसठशीत कुंकवाच्या जागी गोंदण, आवाज पटांगणापलीकडे जाईल असा. साठ पोरांपैकी कोण आजारी आहे आणि कोण आजाराचं सोंग करतंय, हे त्या ताटाकडे बघून सांगत. घरी त्यांच्या दोन म्हशी होत्या. एकदा पटांगणातल्या लिंबाखाली बसून त्या कुणाशी तरी बोलत होत्या, की लोणी कढवताना विड्याचं पान टाकलं की तूप लई दिवस राहतं. मगरे सर तिथून चालले होते ते थबकलेच.

"कामून राहतं?"

"पान हाय म्हून."

"पण पानात काय हाय?"

"सर, माझी माय टाकायची. तिला काय माहीत पानात काय हाय?"

बस. पुढचा दीड महिना मगरे सरांना दुसरं काही सुचत नव्हतं. विड्याची पानं आणली, करडईच्या तेलात गरम केली, गाळली. एका बाटलीत साधं तेल, एका बाटलीत पानाचं. दोन्ही झाकणबंद डब्यात ठेवून रोज गरम पाण्यात उभ्या करायच्या. साधं तेल लवकर निळं झालं. पानाचं कितीतरी दिवस स्वच्छ राहिलं. ज्या दिवशी त्यांची खात्री पटली त्या दिवशी ते वर्ग सोडून थेट वसतिगृहाच्या पटांगणात गेले आणि तिथूनच ओरडले, "गयाबाई, तुमची माय बराबर व्हती! पान त्या मोकळ्या हातायच्या आधी सोता हवेला हात देतं. सोता खराब होतं, तेलाला राखतं!"

गयाबाई दारात आल्या, पदराने हात पुसत. "त्येला इतक्या बाटल्या कामून लागल्या?" असं म्हणाल्या आणि पोटभर हसल्या. मगरे सरही हसले. एवढा आनंदी माणूस मी त्या गावात दुसरा पाहिला नाही.

शिमगा झाला, नवी करडई आली. वसतिगृहासाठी घाण्यावरून एकदम पुष्कळ तेल यायचं. जुन्या डब्याला आतून गंज धरला होता. गंज तेलाचा वैरी, हे मगरे सरांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. त्यांनी प्रयोगशाळेतल्या काचेच्या तीन मोठ्या बरण्या धुऊन वसतिगृहाच्या दारापर्यंत नेऊन दिल्या आणि गयाबाईंना सांगितलं, "डबा फेकून द्या. तेलात पानं गरम करा, थंड झालं की ह्या बरण्यात भरा." गयाबाईंनी शब्दाला शब्द तसं केलं. तीन आठवड्यांनी पोरं ताटातली चटणी तशीच ठेवून उठू लागली.

तेल खवट झालं होतं. नुसतं खवट नव्हे, घशाला धरणारं. रंगही हिरवट. वसतिगृहाचे रेक्टर कडक माणूस होते, वाईट नव्हते. त्यांनी चौकशी केली. त्याच घाण्यावरून, त्याच दिवशी गावातल्या दहा घरांनी तेल नेलं होतं, आणि त्या दहाही घरी तेल ठणठणीत. मग इथलंच कसं बिघडलं? रेक्टरांना एकच उत्तर सुचलं. चांगलं तेल गयाबाईंनी घरी नेलं आणि कुठलं तरी जुनं आणून ओतलं. पंगत बसलेली असतानाच ते साठ पोरांसमोर म्हणाले, "बाई, पहिल्या तारखेपासून येऊ नका. तोवर दुसरी बाई बघतो."

मी तिथे होतो. गयाबाईंच्या हातात भाकऱ्यांची टोपली होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही. "अकरा वर्सं ह्या लेकरायच्या ताटात वाढून राह्यले," एवढंच म्हणाल्या आणि वाढत पुढे गेल्या. तेलात काय घातलं होतं, असं रेक्टरांनी दोनदा विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत.

मला ते खटकलं. पंगत उठल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. मला तिथे कुणी अडवत नसे, माझं आडनाव त्या उंबऱ्याला चालणारं होतं. म्हटलं, "गयाबाई, पानं घाला म्हणून सरांनी सांगितलं होतं. बरण्या त्यांनी दिल्या. रेक्टरांना सांगितलं का नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वर्गात चुकीचं उत्तर दिलंय. "त्याह्यचं नाव कामून घिऊ? पोरायच्या तेलात मगरे सरायचा हात व्हता म्हनलं की गाव काय बोलंल, तुमाला समजत न्हाई का? लोकायला तेवढंच पायजे असतं. माझं काय, मी चार घरची धुनीभांडी करीन."

मला समजत होतं. म्हणूनच मी पुढे काही बोललो नाही, आणि त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

मगरे सरांना हे संध्याकाळी कळलं. त्यांनी रेक्टरांना गाठून आठ दिवस मागितले. "बाईंनी काही केलेलं न्हाई," म्हणाले. रेक्टरांनी विचारलं, मग कुणी केलं? "अजून कळलं न्हाई." रेक्टर वैतागले, पण पहिल्या तारखेला दहा दिवस होते, म्हणून हो म्हणाले.

मग सुरू झाला त्यांचा खरा प्रयोग. आधी त्यांना बरण्यांच्या भोवती काय काय होतं ते हवं होतं. चूल किती लांब, झाकण कसलं, खिडकी कुठं. हे सगळं बघायला त्यांनी मला पाठवलं. त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं, की इतक्या वर्षांत मगरे सर त्या स्वयंपाकघरात कधी गेलेच नव्हते. गयाबाईंशी तासन् तास बोलत, पण पटांगणातून. कुणी त्यांना अडवलं नव्हतं. कुणी आत या म्हटलंही नव्हतं. त्यांच्या वडिलांनी विचारायला शिकवलं होतं, पण हा एक प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नसावा.

मी बघून आलो आणि सांगितलं, की सपाट जागा एकच, पश्चिमेच्या खिडकीचा कोनाडा. तिथे बरण्या आहेत. दुपारी तीनपासून थेट ऊन.

"ऊन," ते म्हणाले. "काचेतून ऊन." आणि पिशवी उचलून निघाले.

त्याच घाण्यावरून त्यांनी ताजं तेल आणलं. चार बाटल्या केल्या. साधं तेल अंधारात, साधं उन्हात, पानाचं अंधारात, पानाचं उन्हात. माझ्या खोलीची खिडकीही पश्चिमेची, म्हणून उन्हातल्या दोन माझ्याकडे. माझी अपेक्षा अशी, की साधं उन्हातलं आधी जाईल आणि पानाचं त्यातल्या त्यात टिकेल. शेवटी पान राखतं म्हणून तर दीड महिना उड्या मारल्या होत्या. सहाव्या दिवशी चारही बाटल्यांतलं तेल पेजेवर तपासलं. अंधारातलं पानाचं स्वच्छ. अंधारातलं साधं जवळपास स्वच्छ. उन्हातलं साधं फिकं निळं. आणि उन्हातलं पानाचं शाईसारखं गडद.

मगरे सर स्टुलावर बसले. मग उठून पुन्हा तेल, पुन्हा आम्ल, पुन्हा पेज. तेच. तिसऱ्यांदा माझ्या हातून करवलं. माझ्याकडूनही शाईच निघाली.

"भाषावाले," शेवटी ते म्हणाले, "पान आचेपासून राखतं. त्ये खोटं न्हाई. पण पानाचा हिरवा रंग तेलात उतरला. पानाला झाडावर ऊन धरायची सवय असती. तेलात बी त्यो रंग ऊन धरून राह्यला, अन् धरलेलं ऊन हवेला दिऊन राह्यला. हवा तेलावर तुटून पडली. पानाचा राखायचा गुण तिथं पुरा पडला न्हाई. तुपात असं होत न्हाई. तिथं पान करपून तपकिरी होतं, गाळून काढतेत, अन् तूप गाडग्यात अंधारात. गयाबाईची माय सगळं बराबर करत व्हती. मी तिच्यातलं अर्धंच उचललं."

मी मित्र म्हणून सल्ला दिला. म्हटलं, रेक्टरांना एवढंच सांगा की उन्हाने तेल बिघडलं. गयाबाईंवरचा चोरीचा आळ जाईल. पानाचं, बरण्यांचं कशाला काढता? ते बाटल्यांना बूच लावू लागले. रागावले नाहीत, हे फार झालं.

"उन्हात बरण्या कुणी ठिवल्या म्हनतील. बाईनी. तेल हिरवं कुणी केलं? बाईनी. चोर न्हाई तर हलगर्जी. त्याह्यचं नाव तसंच मळलेलं राहील ना?"

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत हेडमास्तर, मगरे सर, रेक्टर आणि साक्षीला मी. मगरे सरांनी चार बाटल्या मांडल्या, चारही रंग दाखवले आणि सांगितलं की पानं घालायला मी सांगितलं, काचेच्या बरण्या मी दिल्या. उंबऱ्याचं त्यांनी कुठेच काढलं नाही. आत गेलो असतो तर पहिल्या दिवशी खिडकी दिसली असती, हे ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत.

रेक्टरांनी ती गडद बाटली उचलून उजेडात धरली. मग खुर्ची पुढे ओढून हलक्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. बाई राहतील. पण सर, हे या खोलीतच राहू द्या. बाहेर कळलं तर लोक भलताच अर्थ काढतील." कसला अर्थ, ते कुणी विचारलं नाही. खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं.

"काढू द्या," मगरे सर म्हणाले. "बाईंना तुम्ही साठ पोरायसमोर बोललात. त्या साठ पोरायसमोर सांगावं लागंल. तुम्ही सांगता का मी सांगू?"

रेक्टरांचा चेहरा उतरला. पण मी आधीच म्हटलं, माणूस वाईट नव्हता. "दोघं सांगू," ते म्हणाले.

त्याच दुपारी पंगत बसली असताना ते दोघं मध्ये उभे राहिले. रेक्टर दोन वाक्यं बोलले, आणि त्यातलं एक "माझी चूक झाली" असं होतं. मगरे सर मात्र तास घेतल्यासारखे पंधरा मिनिटं बोलले. भाकऱ्या गार झाल्या. तेल कसं बिघडलं, पान कुठं राखतं आणि कुठं घात करतं, आणि हे सगळं करायला गयाबाईंना कुणी सांगितलं. "बाईंनी माझं ऐकलं, एवढंच त्याह्यनी केलं," असं म्हणून ते थांबले.  मग शेवटच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "सर, प्रयोग चुकला तर गुण मिळते का?"

"चुकला त्ये सगळं बराबर लिहून दिलं तर पुरे मिळते," मगरे सर म्हणाले, आणि साठ पोरं एकदम हसली. मी गयाबाईंकडे पाहिलं. त्या हसल्या नाहीत. त्या पदराने डोळे पुसत होत्या, आणि पुसून झाल्यावर पहिल्या रांगेला म्हणाल्या, "खा रे मुकाट्यानं, गार झालं सगळं."

गावात बोलणारे बोललेच. दोन पालकांनी पोरं काढून न्यायची भाषा केली. गयाबाईंनी त्यांना वसतिगृहाच्या दारात गाठलं आणि काय सुनावलं ते मला कळलं नाही, कारण मी शाळेत होतो. शाळेपर्यंत आवाज येत होता, शब्द नव्हते. पोरं मात्र राहिली.

शाळा संपता संपता माझी आष्टीला बदली झाली. निघायच्या दिवशी मगरे सरांचा निरोप घ्यायला प्रयोगशाळेत गेलो तर कुलूप. वसतिगृहाच्या पटांगणात आलो, तर ते स्वयंपाकघराच्या दारापाशी उभे होते, नेहमीच्याच अंतरावर. सुट्टीनंतर लागणारं नवं तेल आलं होतं. गयाबाई आत कमरेवर हात ठेवून उभ्या. समोर चिनी मातीच्या दोन जाड बरण्या.

"खिडकीपासून लांब ठिवा," सर बाहेरून सांगत होते. "अन् चुलीपासून बी लांब. उजव्या अंगाला कोपरा हाय का?"

"सर, आत यून बघा."

"न्हाई, तुम्ही सांगा ना, मला समजतं हितून."

"हितून समजत न्हाई म्हून तर त्ये झालं," गयाबाई म्हणाल्या. मग त्यांचा तो पटांगण ओलांडणारा आवाज एकदम खाली आला. "माझं नाव तुमी साऱ्या लेकरायसमोर धुऊन दिलं सर. आता तुमी असे भाईर उभे राह्यले, तर त्ये धुतलं कुठं?"

 मला वाटलं, आता मगरे सर म्हणतील, थांबा, अजून कळलं नाही. तसं म्हणाले नाहीत. त्यांनी चपला काढल्या.

"डोस्कं संभाळा," आतून गयाबाई म्हणाल्या, "चौकट बुटकी हाय."

ते वाकले आणि आत गेले. लगेच दोघांचा वाद सुरू झाला, कोपरा उजवीकडचा की उतरंडीमागचा. मी हाक मारली नाही. माझं सामान एस.टी.च्या थांब्यावर होतं, गाडीला वेळ थोडा होता, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी कुणी त्यांना बाहेर बोलावू नये असंच मला वाटत होतं. घाईत काढलेल्या चपलांपैकी एक उंबऱ्याशी उलटी पडली होती. मी वाकलो, ती हाताने सरळ करून दुसरीशेजारी ठेवली, आणि निघालो.